सोबती चार पायांचे : भाग ९
‘काही करत नाही तो!’

आमचा भुऱ्या तेव्हा दहा महिन्यांचा होता. सिलिंडर घेऊन दुसऱ्या मजल्यावर आलेल्या माणसावर तो दारातूनच भुंकत धावून गेला. तो माणूस खांद्यावरच्या ओझ्यासकट दोन पायऱ्या मागे सरकला. मी आतून ओरडले, ‘‘घाबरू नका हो, काही करत नाही तो!’’ भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतं. पाठीमागे जिना. त्या माणसाला मी काय सांगत होते, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही म्हण डोक्यातून काढून टाका. भुंकणारा कुत्रा चावतो. विशेषतः घाबरलेला असेल आणि समोरचा जवळ येत राहिला तर नक्कीच चावू शकतो. कोवळ्या वयात अनोळखी माणसावर धावून जाणारा कुत्रा बहुतेक वेळा घाबरलेलाच असतो. नीट पाहिलंत तर तो पुढे झेपावतो आणि लगेच मागे सरतो. कान मागे वळलेले, पाठीवरचे केस उभे. शेपूट हलते म्हणून खूश आहे असं समजू नका. ताठ, उंच धरलेली शेपूटही हलते.

भुऱ्याची भीती कुठून आली, हे मला उशिरा कळलं. तो टाळेबंदीतलं पिल्लू. २०२०च्या एप्रिलमध्ये घरी आला, तेव्हा जेमतेम दीड महिन्याचा होता. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांच्या वाढीचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि १९६५ साली तो पुस्तकरूपात मांडला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे पाहतं, हुंगतं, ते त्याला आपलं वाटू लागतं, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं. भुऱ्याचे ते आठवडे आम्हा तिघांच्या चेहऱ्यांवरच संपले. एरवीही आपण लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवतो. जमिनीवर सोडू नका, हे खरं; पण कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्यायला काय हरकत आहे? रिक्षा, छत्र्या, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळं त्याला वरून दिसू द्या.

आता मुख्य गोष्ट. कुरिअरवाला येतो, कुत्रा भुंकतो, कुरिअरवाला पार्सल देऊन निघून जातो. आपल्याला ठाऊक असतं की त्याचं काम झालं म्हणून तो गेला. कुत्र्याच्या लेखी मात्र तो भुंकल्यामुळे गेला. रोज दोनदा असं झालं तर महिन्याला साठ वेळा त्याचा उपाय लागू पडतो. म्हणून शिकवणं सुरू करण्याआधी ही तालीम बंद करा. बेल वाजली की दार उघडण्यापूर्वी कुत्रा आतल्या खोलीत. गॅलरीत दिवसभर एकटा सोडू नका. फाटकाशी साखळीने तर बांधूच नका. पळायची वाट नसलेला कुत्रा आणखी जोरात धावतो.

मग अंतर शोधा. माणूस दिसतोय, कुत्रा त्याच्याकडे बघतोय, पण अजून भुंकत नाही, असं अंतर. भुऱ्याचं ते तीस पावलं होतं. तिथे पट्टा सैल धरून उभं राहायचं. माणूस दिसला की उकडलेल्या चिकनचा तुकडा, माणूस दिसेनासा झाला की खाणंही बंद. क्रम महत्त्वाचा आहे: आधी माणूस, मग तुकडा. उलट केलंत तर त्याला चिकनचाच संशय येऊ लागतो. भुंकला तर रागावू नका, अंतर चुकलं एवढंच. दहा पावलं मागे या.

पाहुण्यांच्या हातून खाऊ घालण्याची चूक मीही केली. तुकड्याच्या मोहाने कुत्रा जवळ जातो, तुकडा संपतो आणि परका माणूस अगदी तोंडाशी उरतो. चावण्याचा प्रसंग नेमका इथे येतो. पाहुण्यांनी तुकडा कुत्र्याच्या मागच्या बाजूला टाकावा. मागे फिरला की मोकळीक आणि खाऊ दोन्ही मिळतं.

विजेचा झटका देणारे पट्टे ऑनलाइन सहज मिळतात. कृपा करून घेऊ नका. माणूस दिसला की दुखतं, एवढंच कुत्रा त्यातून शिकतो. काही कुत्रे नुसतं गुरगुरणं सोडतात आणि मग न सांगता चावतात. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये या पट्ट्यांवर २०१०पासून बंदी आहे. तोंडाला जाळी लावायची वेळ आली तर पिंजऱ्यासारखी, तोंड उघडून धापा टाकता येतील अशी घ्या. कुत्रा अंग थंड ठेवतो ते मुख्यतः धापा टाकूनच. आणि शांत कुत्रा अचानक असा वागू लागला तर आधी पशुवैद्य गाठा. दुखणारा कान किंवा कंबरही कुत्र्याला अंगावर धावायला लावते.

भुऱ्याची तीस पावलं आठवर यायला पाच महिने लागले. आठाच्या आत तो आजही अस्वस्थ होतो. सिलिंडरचा नंबर लागला की मी त्याला आतल्या खोलीत नेते, कडी लावते आणि मगच दार उघडते.