विश्लेषण : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना नेमके कुठे अडते?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतले अनेक लॅपटॉप मागे राहिले. लिनक्स मिंट किंवा उबंटू या मोफत प्रणाली अशा लॅपटॉपला पुन्हा कामाला लावू शकतात. मात्र त्या टाकताना अनेक जण मध्येच अडकतात. बहुतेक वेळा दोष लिनक्सचा नसतो, तर लॅपटॉपच्या सेटिंगचा असतो.

सुरुवातीला काय करावे?

फोटो, कागदपत्रे, हिशेबाच्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्याव्यात आणि त्यातील एक-दोन फायली उघडून पाहाव्यात. त्यानंतर विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ सुरू आहे का, ते तपासावे. काही लॅपटॉपवर ते आपोआप सुरू झालेले असते. ते सुरू असताना बायोसमधील सेटिंग बदलल्यास विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती नसेल तर डिस्कवरील माहिती कायमची कुलूपबंद होते. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधीच कागदावर लिहून ठेवावी.

पेन ड्राइव्ह लावूनही विंडोजच सुरू का होते?

डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस किंवा बलेना एचरसारख्या प्रोग्रामने ती ‘लिहावी’ लागते. त्यात पेन ड्राइव्हवरचे सर्व पुसले जाते. नंतर लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबावी. डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपवर ती एफ१२, तर एचपीवर एफ९ असते. मिंट आणि उबंटू ‘सिक्युअर बूट’ सुरू असतानाही सहसा चालतात. त्यामुळे ते लगेच बंद करण्याची घाई नको.

स्क्रीन काळी पडली तर?

बऱ्याचदा हा ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न असतो. पेन ड्राइव्हवरून सुरू होताना दिसणाऱ्या यादीत मिंटमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी मोड’, तर उबंटूमध्ये ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय असतो. तो निवडून पाहावा.

लॅपटॉपची डिस्कच दिसत नसेल तर?

इंटेलच्या काही लॅपटॉपवर स्टोरेज ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ पद्धतीवर ठेवलेले असते. बायोसमध्ये ते ‘एएचसीआय’ केल्यावर डिस्क दिसू लागते. पण विंडोजही ठेवायचे असेल, तर आधी विंडोज ‘सेफ मोड’मध्ये सुरू होईल अशी सोय करावी, मगच हा बदल करावा. अन्यथा विंडोज सुरू होण्यास नकार देऊ शकते.

वाय-फाय मिळत नसेल तर?

काही वाय-फाय चिपांचे, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, ड्रायव्हर वेगळे घ्यावे लागतात. ते घेण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, असा पेच पडतो. तो फोन सोडवतो. फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे आणि मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून ड्रायव्हर घ्यावा. सिक्युअर बूट सुरू असल्यास पुढच्या वेळी निळा स्क्रीन येऊ शकतो. तिथे ‘इन्रोल एमओके’ निवडून आधी ठरवलेला पासवर्ड द्यावा. हा स्क्रीन तसाच पुढे ढकलला, तर ड्रायव्हर असूनही चालत नाही.

सगळे झाले, तरी लिनक्स दिसत नाही?

बायोसमधील बूट क्रमात विंडोज वर असू शकते. तिथे ‘उबंटू’ नावाची नोंद वर आणावी. मिंट टाकले असले, तरी नोंद त्याच नावाने असते. दोन्ही प्रणाली ठेवल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसले, तर बिघाड समजू नये. लॅपटॉपमधील घड्याळाची वेळ लिनक्स जागतिक वेळ मानते, तर विंडोज स्थानिक. लिनक्सच्या सेटिंगमध्ये ते स्थानिक वेळेवर ठेवले की फरक मिटतो.

परतीची वाट कुठे बंद होते?

बायोसमधील बदल पूर्ववत करता येतात, पेन ड्राइव्ह पुन्हा बनवता येतो. परत फिरता येत नाही ती पायरी एकच : ‘इरेज डिस्क’ निवडून ‘इन्स्टॉल’ दाबणे. म्हणून त्याआधी पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स तासभर वापरून पाहावे. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, प्रिंटर असे सारे तपासावे. काही चालत नसेल तर पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. विंडोज आणि फायली जागच्या जागी असतात.