हात उचलल्यावर

एका चित्रपटातल्या म्हाताऱ्याला हाताने उठवता येतं, असं एका मित्राने सांगितलं म्हणून मी गेलो. पुण्यातल्या जुन्या वाड्याची वरची खोली. दारातच सोल्डरिंगच्या राळेचा वास. पडद्यावर आजोबा वामकुक्षी घेतायत. पडद्यामागे, कापडाला चिकटवलेल्या तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांच्या तारांत बसलेली दिग्दर्शिका.

या तारा जातात त्या चिपमध्ये १२ जागांचा स्पर्श ओळखायची सोय आहे. बोट जवळ आलं की पट्टीची विद्युतधारणा किंचित वाढते, ते संगणकाला कळतं, दृश्य बदलतं.

“दहा ठिकाणी दोन-दोन वाटा ठेवल्या, तर १०२४ सिनेमे होतात,” ती म्हणाली. “कोण काढणार, सांगा?”

हे कोडं जुनंच. १९६७ च्या माँट्रियल एक्स्पोत राडूझ चिंचेरा यांच्या ‘किनोऑटोमॅट’मध्ये प्रेक्षक बटणं दाबून पुढचं दृश्य निवडत, पण कुठलीही वाट धरली तरी गोष्ट पुन्हा एकाच जागी येई. ग्रॅहॅम वाइनब्रेन आणि रॉबर्टा फ्रीडमन यांनी १९८३ ते ८६ दरम्यान केलेल्या ‘द अर्ल किंग’मध्ये ‘पुढे काय?’ या प्रश्नाची वाट बघावी लागत नसे, पडद्याला केव्हाही बोट लावता येई.

या दिग्दर्शिकेने १०२४ ची कटकटच मिटवली आहे. वाटा नाहीतच. हात आहे तोवर शॉट चालतो, उचलला की कट.

मी टिचकी मारली. आजोबांच्या कपाळाला आठी पडली. खांद्यावर तळवा ठेवला. श्वास संथ झाला. कंटाळून हात काढला, तर त्यांनी डोळे उघडले आणि कोण होतं ते शोधू लागले. म्हणजे हाताने ते उठत नाहीत, हात गेल्याने उठतात.

पुन्हा तळवा ठेवला, तेव्हा मात्र ते माझा हात खांद्यावर असतानाच उठायला लागले. असे सेन्सर हवेतल्या दमटपणाशी जुळवून घेण्यासाठी आपली आधाररेषा, म्हणजे स्पर्श नसतानाची पातळी, सरकवत राहतात. तळवा बराच वेळ हलला नाही, तर त्यांना तीच नेहमीची स्थिती वाटू लागते. “चिपला सवय होते,” ती वैतागून म्हणाली. स्पर्श चालू असेपर्यंत ती रेषा गोठवायचा बदल तिने प्रोग्रॅममध्ये केला. मग पुन्हा तळवा, पुन्हा तोच संथ श्वास.

आमंत्रणावर ‘प्रेक्षकच दिग्दर्शक’ असं छापायचं तिच्या मनात आहे. मला पटत नाही. आठी तिची, श्वास तिचा, ते शोधणारे डोळेही तिनेच निवडलेले. प्रेक्षक फार तर संकलक, तोही एकाच कटाचा. पण संकलकाला कट का मारला ते सांगावं लागतं. इथे विचारणारं कुणी नाही, आणि ‘कंटाळा आला’ हे उत्तर मला स्वतःलाही द्यावंसं वाटेना. १०२४ वाटांपैकी एक निवडणं त्यापेक्षा सोपं गेलं असतं.