बांधावरची बाभूळ : मोजणी, तोड आणि सरपणाची विक्री

बांधावरची बाभूळ वीस-पंचवीस वर्षे ऊन-पाऊस सोसून वाढते आणि एखाद्या सकाळी पाच मिनिटांच्या बोलण्यात विकली जाते. घरात लग्नकार्य असते, दवाखान्याचा खर्च निघालेला असतो किंवा पेरणी तोंडावर आलेली असते. व्यापारी झाडाभोवती एक फेरी मारतो, उक्ता आकडा सांगतो आणि इसार हातावर ठेवतो. झाडात लाकूड किती निघेल हे त्याला ठाऊक असते, मालकाला नसते. सौद्यातील तोटा येथेच निश्चित होतो. गावपातळीवर काम करणाऱ्या मंडळींनी थोडी माहिती करून घेतली, तर हा तोटा आणि तोडीच्या वेळी होणारे अपघात हे दोन्ही बऱ्याच अंशी टाळता येतील.

प्रथम परवानगी

झाड आपल्या शेतात आहे म्हणून ते केव्हाही तोडता येते, असा अनेकांचा समज असतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, जांभूळ, खैर, चंदन, ऐन, किंजळ इत्यादी वृक्षांचा समावेश आहे. ही झाडे खाजगी जमिनीवर असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ या यादीत नाही. तथापि झाड स्वतःच्या हद्दीत आहे काय, सामाईक बांधावर शेजाऱ्याचा हक्क पोहोचतो काय, हे सातबारा व मोजणीच्या खुणांवरून आधी पाहावे. नागरी क्षेत्रातील झाडांना १९७५ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे.

अनुसूचित जमातीच्या खातेदारांच्या झाडांसाठी १९६९ चा वेगळा अधिनियम आहे. अडलेल्या खातेदाराकडून मोलाची झाडे कवडीमोलाने घेतली जाऊ नयेत, हा त्याचा हेतू. अशा खातेदाराने परस्पर सौदा न करता शासकीय यंत्रणेमार्फतच विक्री करावयाची असते. ज्या गावांत आदिवासी खातेदार आहेत, तेथील सदस्यांनी व शिक्षकांनी ही तरतूद घरोघर सांगितली पाहिजे.

तोडलेला माल गावाबाहेर न्यावयाचा झाल्यास त्या जातीच्या लाकडाला वाहतूक परवाना लागतो किंवा कसे, याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. सूट असलेल्या जातींच्या यादीत वेळोवेळी बदल होत असल्याने ऐकीव माहितीवर गाडी भरू नये.

दोरी आणि चौथाई

उभ्या झाडाचा अंदाज घेण्यास दोरी व मीटरपट्टी पुरेशी आहे. बुंध्याचा मधला घेर मोजावा, त्याचा चौथा हिस्सा काढावा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणावे. घेर १.२ मीटर व सरळ बुंधा ३ मीटर असेल, तर चौथाई ०.३ मीटर, वर्ग ०.०९; आणि लाकूड ०.२७ घनमीटर. या रीतीने येणारे माप प्रत्यक्षाहून सुमारे एक-पंचमांशाने कमी भरते, हेही मालकाने ध्यानात ठेवावे. ताजी तोडलेली बाभूळ ढोबळमानाने घनमीटरला टनभर भरते. म्हणजे या एका बुंध्याचेच प्रत्यक्ष वजन तीन क्विंटलांच्या पुढे जाईल; फांद्यांचे लाकूड आणि कुंपणाच्या काट्या निराळ्या. हा हिशेब शाळेतील मुलेही करू शकतात. सातवी-आठवीच्या गणिताला यापेक्षा उपयुक्त उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

तोड : घाई करू नये

तोडीसाठी हिवाळ्याचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ सोयीचा. पुढचा उन्हाळा वाळवणीस मिळतो आणि पावसाळ्यात बाभळीवर लटकणारी सुगरणीची घरटीही वाचतात.

आता बहुतेक ठिकाणी कुऱ्हाडीची जागा पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीने घेतली आहे. दिवसाचे काम ती तासात उरकते. परंतु तिची चूकही तितकीच जलद असते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर करवत उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून टोकाने कापू नये, दोन्ही हातांनी घट्ट धरावे आणि करवत खांद्याच्या वर नेऊ नये. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांवर संरक्षण आणि पायांत भक्कम बूट असल्याखेरीज यंत्र सुरूच करू नये. इंधनात तेलाचे प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. साखळीला तेल पोहोचते की नाही आणि ती बोथट झाली आहे काय, हे रोज पाहावे. बोथट साखळी भुसा पिठासारखा बारीक टाकते; धारदार साखळीचे तुकडे जाडसर निघतात.

झाड ज्या बाजूस पाडावयाचे, त्या बाजूला बुंध्याच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाइतकी खाच घ्यावी. नंतर मागील बाजूने, खाचेच्या तळापेक्षा थोड्या वर, छेद द्यावा. दोन्हींच्या मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाइतके लाकूड न कापता राखावे. हे लाकूड दाराच्या बिजागरीसारखे काम करते आणि झाडाला ठरल्या दिशेने खाली आणते. ते पूर्ण कापले, की झाड कोणाचेच ऐकत नाही. एका बाजूस फार कललेले झाड किंवा विजेच्या तारेजवळचे झाड अननुभवी माणसाने हाती घेऊ नये. कललेला बुंधा उभा चिरून उसळतो. तारेजवळ काम असल्यास वीज कंपनीकडून प्रवाह बंद करून घ्यावा. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरा माणूस वा जनावर नसावे आणि मागे तिरकस पळण्याची वाट आधीच मोकळी करून ठेवावी.

ओले विकावे की वाळवून?

ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे १०० किलो लाकूड पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांवर येईपर्यंत वाळवले, तर ६२.५ किलो उरते. समजा ओल्या लाकडाला किलोस ४ रुपये मिळतात. तर वाळलेल्यास ६ रुपये ४० पैसे मिळाले, तरच हिशेब बरोबरीचा होतो. त्याहून अधिक भाव मिळत असेल, तर वाळवणीचे श्रम सार्थकी लागले.

घेणाऱ्याच्या दृष्टीने पाहता फरक याहून मोठा आहे. ओल्या लाकडाची पुष्कळशी उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. किलोमागे मिळणारी उष्णता वाळलेल्या लाकडाच्या निम्म्याहून थोडी अधिक भरते. शिवाय धूर होतो, आणि तो चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत व छातीत जातो. सुके म्हणून ओले विकणारा केवळ मापात खोट करत नाही, हे विसरता कामा नये.

ओंडके वाळण्यापूर्वीच पाचर व घणाने फोडावेत. साल असलेला गोल ओंडका सावकाश वाळतो. दगडांवर आडवी लाकडे टाकून जमिनीपासून वीतभर उंच रचावे. वरून झाकावे, पण बाजू वाऱ्याला उघड्या ठेवाव्यात. टोकांना तारेसारख्या भेगा दिसू लागल्या आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला, की सरपण तयार झाले.

मोळी व गाडी ही मापे डोळ्यांना फसवतात. विक्री वजनावर असल्यास काटा वैधमापन यंत्रणेने मुद्रांकित केलेला असावा. रचलेल्या मापाने विक्री असल्यास, एक घनमीटर ढिगात पोकळी वजा जाता लाकूड सुमारे दोन-तृतीयांशच असते, याची जाणीव दोन्ही पक्षांना असावी.

पंचायतीने काय करावे?

घरोघरी गॅस आला, तरी पाणी तापवणे, गूळ करणे, भटारखाने आणि स्मशानभूमी यांसाठी लाकडाची गरज संपलेली नाही. पंचायतीने आपल्या कार्यालयात घेर मोजण्याची फीत ठेवावी, जवळच्या वखारींचे भाव फलकावर लिहावेत आणि उक्त्या सौद्यापूर्वी मोजणीचा आग्रह धरावा.

तोडीनंतरची लावणी हा शेवटचा, पण सर्वांत महत्त्वाचा भाग. सुबाभूळ व निलगिरी जमिनीपासून अर्धी वीत राखून, साल न फाटता, तिरकस कापली तर पुन्हा फुटतात. बाभळीच्या खुंटाचा तसा भरवसा नसतो. तिला बीच लावले पाहिजे. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्यावर त्यांच्या वाड्यात पडलेले बी चांगले रुजते, हे जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. ते गोळा करून पहिल्या पावसात बांधावर टोकावे. तोडलेल्या प्रत्येक झाडामागे तीन रोपे बांधावर उभी राहिली, तर आजचा सौदा पुढल्या पिढीच्या नडीलाही उपयोगी पडेल.