महिनाभराचं टेट्रिस

टेट्रिस माहीत नाही असा प्राणी होस्टेलात सापडणं कठीण. ब्रिक गेमवर ठोकळे सगळ्यांनीच रचलेत. पण सबमिशन संपल्यावर मी पुन्हा काढलं ते टेट्रिस जरा वेगळं आहे. अटारी गेम्सने 'टेन्जेन' या नावाखाली मे १९८९ मध्ये अमेरिकेत निन्टेन्डोच्या एनईएस या यंत्रासाठी ते आणलं, आणि जेमतेम महिनाभरात कोर्टाच्या हुकमाने ते दुकानांतून उठलं. मूळ काळी कॅसेट आज संग्राहकांकडेच. आपण आपले इम्युलेटरवाले!

गंमत अशी की हे टेट्रिस निन्टेन्डोने नंतर काढलेल्या टेट्रिसपेक्षा सरस वाटतं. 'अॅस्टरॉइड्स'वाल्या एड लॉगने ते लिहिलं. दोघांना शेजारी शेजारी एकाच वेळी खेळता येतं, इतकंच नाही तर दोघं मिळून एकच रुंद विहीर भरता येते. रूममेटने ऐनवेळी आपल्या जागेत आडवा ठोकळा घुसवला की काय होतं ते विचारू नका. निन्टेन्डोच्या टेट्रिसमध्ये दोघांचा खेळच नाही.

मग बंद का पडलं? एका शब्दामुळे. अॅलेक्सी पाजित्नोव्हने १९८४ मध्ये मॉस्कोत हा खेळ केला, पण हक्क सोव्हिएत सरकारचे. रॉबर्ट स्टाइन नावाच्या दलालाने कॉम्प्युटरसाठीचे हक्क घेतले आणि ते हातोहात विकले जात अटारी गेम्सपर्यंत पोचले. १९८९ मध्ये एलॉर्ग या सरकारी संस्थेने स्टाइनकडून करारात 'कॉम्प्युटर'ची व्याख्या लिहून घेतली: कीबोर्ड, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह वगैरे असलेलं यंत्र. एनईएसला कुठला आलाय कीबोर्ड? म्हणजे व्हिडिओ गेमचे हक्क कुणाला दिलेलेच नव्हते! ते निन्टेन्डोने घेतले, आणि जून १९८९ मध्ये कोर्टाने टेन्जेनची विक्री थांबवली.

आता इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी लक्ष द्यावं. एनईएसमध्ये एक कुलूप होतं. एक चिप यंत्रात, तिची जोडीदार कॅसेटमध्ये. दोघी एकच प्रोग्रॅम चालवून बिट्सची एकच माळ काढतात. माळा जुळल्या नाहीत तर यंत्र सारखं रिसेट होतं. टेन्जेनने या कुलपाची किल्ली बनवली, 'रॅबिट' नावाची चिप. पण कशी? अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाकडून, आमच्यावर खटला चालू आहे असं खोटंच सांगून, निन्टेन्डोच्या प्रोग्रॅमची प्रत मिळवली. १९९२ मध्ये अपील कोर्टाने जे म्हटलं ते मला फार पटतं: चिप उघडून, अभ्यासून तिचं काम समजून घेणं गैर नाही, पण लबाडीने मिळवलेल्या प्रतीला ती सवलत नाही. जर्नल छापणाऱ्या मंडळींना हा फरक वेगळा सांगायला नको.

या कुलपाचा अजून एक ताप होता. पिना जुन्या झाल्या की चिपांचं बोलणं तुटायचं आणि अस्सल कॅसेट असूनही अमेरिकेतल्या पोरांचा टीव्ही लुकलुकत राहायचा. आपल्याकडचे टीव्ही गेम होते निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉमच्या नकला, आणि फॅमिकॉममध्ये ही चिपच नव्हती. त्यामुळे शेकडो गेम कोंबलेल्या, कंपनीचा पत्ता नसलेल्या कॅसेटीही त्यावर बिनबोभाट चालायच्या. फुंकर मात्र दोन्हीकडची पोरं सारख्याच श्रद्धेने मारायची.