नावसाधर्म्याचे कर्ज कोणी फेडायचे?

अकोला-वाशिम मार्गावरच्या मेडशीचा (ता. मालेगाव) एक तरुण मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे आला. मालवाहू तीनचाकीसाठी त्याने कर्जाचा अर्ज केला होता. "सिबिल खराब आहे" एवढ्या तीन शब्दांत बँकेने त्याची बोळवण केली. "वकीलसाहेब, म्या त कोनाचा रुपया उचलला नाही," तो म्हणाला. मग खराब झाले ते काय?

अहवाल मागवला तेव्हा उलगडा झाला. त्यात दुचाकीचे एक थकीत कर्ज होते, आणि ते गावातल्याच त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाचे होते. बापाचे नाव वेगळे. जन्मतारीख मात्र दोघांचीही 1 जून, सालही तेच. ही 1 जून काय आहे ते आमच्या वाचकांना सांगायला नको. आईबापाजवळ जन्माची नोंद नव्हती, म्हणून शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती तारीख लिहिली. अर्धी वस्ती इंगोले नाहीतर खंडारे आणि सगळ्यांचा वाढदिवस एकच! संगणकाला यातला माणूस ओळखता येत नाही, हे एक वेळ समजू. पण समोर बसलेल्या अधिकाऱ्यालाही ओळखायचे नसते, याचे काय करायचे?

आता हा आकडा केवळ बँकेपुरता राहिलेला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये शेजारच्या मूर्तिजापुरात मुलाचा सिबिल पाहून मुलीकडच्यांनी जुळलेले लग्न मोडल्याची बातमी राज्यभर गाजली. पीककर्जासाठी सिबिल मागू नका, असे मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्र्यांना 2024 आणि 2025 साली बँकांना बजावावे लागले.

सिबिल हे एका कंपनीचे नाव आहे, ती 2000 साली स्थापन झाली. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. 300 ते 900 मधला आकडा त्या काढतात, तो बँका आणि वित्तसंस्था पाठवतील त्या माहितीवरून. म्हणजे चूक एकीकडे सापडली तर उरलेल्या तिन्ही ठिकाणी बघणे आले. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे. हा नियम 2017 पासून आहे, तरी शे-पाचशे रुपये उकळणारे एजंट गावोगाव फिरतात.

चूक दुरुस्त करून मागण्याचा हक्क 2005 च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्यातच, कलम 21 मध्ये आहे. मुदत 30 दिवसांची. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने एप्रिल 2024 पासून त्याला दातही आले आहेत: बँकेने 21 दिवसांत दुरुस्ती कळवायची आणि एकूण 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, ज्याच्याकडून उशीर झाला त्याने द्यायची. हे 30 दिवस मोजायचे कोठून? तक्रार दाखल झाल्याच्या तारखेपासून. म्हणून काउंटरवर तोंडी गाऱ्हाणे घालून काहीही होत नाही. अर्ज लेखी द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. कंपनीकडे तक्रार केल्यास तिचा क्रमांक जपून ठेवावा. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला वकील लागत नाही. (हे आम्ही वकील असून सांगतो आहोत.)

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खरी थकबाकी ही चूक नव्हे. तडजोडीने कमी रक्कम भरून कर्ज मिटवले असेल तर अहवालात 'सेटल्ड' असेच येणार. ते पुसून देतो म्हणणारा फसवतो आहे. दुसऱ्याला जामीन राहिलात तर त्याचे कर्जही तुमच्या अहवालात दिसते. सही करताना हे कोणी सांगत नाही.

मेडशीच्या तरुणाने आधार, पॅन आणि शाळेचा दाखला जोडून बँकेला व कंपनीला एकाच दिवशी अर्ज दिले. एकोणिसाव्या दिवशी बँकेचे पत्र आले: सदर कर्ज आपले नाही. दिलगिरीचा शब्द नव्हता. नोंद निघाली, पण तोवर हंगाम सरला होता आणि तो अजून दुसऱ्याची गाडी रोजाने चालवतो आहे.

पुढच्या आठवड्यात तो दुसरा, खरा कर्जदार, आमच्या दारात उभा राहिला. त्याने दोन वर्षांपूर्वीच सगळे हप्ते फेडले होते. ना हरकत दाखला पिशवीत होता, आणि अहवालात कर्ज अजून थकीतच. त्याचा अर्ज सोमवारी लावला आहे.