फणस पडला, पण चुलीत गेला नाही

परसातले झाड पडले की आपल्याकडे पहिली हाक कुऱ्हाडीला जाते. वखारवाला येतो, बुंध्याभोवती एक फेरी मारतो, वाकडेपणा पाहून तोंडही वाकडे करतो आणि जळणाचा भाव सांगून मोकळा होतो. दोन दिवसांत खांडोळ्या होतात, चार दिवसांत ढीग हलतो. ज्याच्या सावलीत दोन-तीन पिढ्या वाढल्या, ते झाड अशा रीतीने आठवड्याच्या आत हिशेबातून पुसले जाते.

कोकणाने हे दृश्य अलीकडच्या काळात फार मोठ्या प्रमाणावर पाहिले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या माडा-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या, आंबे आणि फणस मुळांसकट उपटले गेले. पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ आले. गेलेल्या उत्पन्नाची मोजदाद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पडलेल्या लाकडाचे काय करावे, हे सांगणारा माणूस फार थोड्या अंगणांत पोहोचला. तो माणूस म्हणजे कातारी.

वखारीला नको ते कातारी घेतो

कातारी म्हणजे लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणारा कारागीर. सुतार स्थिर लाकडावर हत्यार चालवतो. कातारी हत्यार स्थिर धरतो आणि लाकूड फिरते ठेवतो. आपल्या घरातल्या कितीतरी वस्तू या एका युक्तीवर उभ्या आहेत. लाटणे, ताकाची रवी, पाळण्याचे खांब, चौरंगाचे पाय, कुंकवाचा करंडा, मुलांचा भोवरा आणि खुळखुळा, सारे कातारकाम. जुन्या खरादाला विजेची गरज नव्हती. एकाने दोरी पुढेमागे ओढायची, लाकूड एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरायचे, आणि दुसऱ्याने त्यातल्या एकाच फेरीत हत्यार टेकवायचे. पुढे पायाने चालवायचे खराद आले, मग मोटार आली, आणि आता सगळे त्याला लेथ म्हणतात.

वखारवाला परसातल्या झाडाला नाके मुरडतो, त्यालाही कारण आहे. रानातले झाड उजेडासाठी शेजाऱ्यांशी चढाओढ करीत सरळ वर जाते. त्याच्या खालच्या फांद्या लवकर गळून पडतात आणि लांब, निर्मळ फळ्या निघतात. परसातल्या झाडाला चोहोबाजूंनी ऊन मिळते. ते ऐसपैस पसरते, कमरेच्या उंचीवरच दुभंगते, अंगभर गाठी बाळगते. शिवाय त्याच्या पोटात माणसांचा संसार असतो. कपडे वाळवण्याच्या दोरीचा खिळा, झोपाळ्याची कडी, दिवाळीच्या कंदिलासाठी ठोकलेला आकडा, हे सारे झाड वाढता वाढता गिळून टाकते. गिरणीची करवत त्या खिळ्यावर आदळली की दाते गेले. म्हणून गिरणीवाला असले ओंडके दारातूनच परत पाठवतो.

कातारी मात्र याच गोष्टींवर लुब्ध असतो. त्याला वीस फूट लांबीची फळी नको. हात-दीड हाताचा तुकडा पुरे. जिथे दोन फांद्या फुटतात तिथल्या शिरा एकमेकींत गुंतून मोरपिसासारखी नक्षी उमटते. आणि खिळ्याभोवती जो निळसर-काळा डाग पडतो, तो लाकडातल्या तुरट द्रव्याचा आणि लोखंडाचा संयोग. हिरडा आणि हिराकस मिसळून आपले पूर्वज पोथ्या लिहिण्याची शाई करीत, तीच ही शाई. झाडाने आपल्या अंगावर स्वतःच लिहून ठेवलेली!

पहिले पंधरा दिवस

ही सगळी संपत्ती राखायची तर घाई करावी लागते, पण ती तोडण्याची नव्हे, राखण्याची घाई. ओल्या लाकडात पाणी दोन जागी असते. एक, पेशींच्या पोकळीत. हे आधी जाते आणि ते गेल्याने लाकडाचा आकार बदलत नाही. दुसरे, पेशींच्या भिंतींत मुरलेले. लाकडातील पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या २५ ते ३० टक्क्यांपर्यंत उतरले की या दुसऱ्या पाण्याला हात लागतो आणि लाकूड आकसू लागते. गंमत अशी की ते सगळीकडे सारखे आकसत नाही. केंद्राकडे जितके आकसते, त्याच्या जवळजवळ दुप्पट परिघाच्या दिशेने आकसते. हा तंटा अखंड ओंडक्याला सोसत नाही. मग गाभ्यापासून सालीपर्यंत सरळ चीर जाते. चुलीजवळ ठेवलेला ओंडका उन्हाळ्यात फटाक्यासारखा वाजतो, तो यामुळे.

यावर उपाय सोपे आहेत. ओंडका गाभ्यातून उभा चिरून त्याचे दोन भाग करावेत आणि ऐन मध्यावरचा गाभा काढून टाकावा. कापलेल्या टोकांतून पाणी सर्वांत वेगाने उडते, म्हणून ती टोके त्याच दिवशी मेणाने किंवा उरलेल्या तेलरंगाने बंद करावीत; खेड्यात शेण-मातीचा जाड लेपही देतात. मग ते तुकडे जमिनीवर न टाकता दगडांवर किंवा पट्ट्यांवर, सावलीत, वारा खेळेल असे रचावेत.

झाडाझाडाचा स्वभावही निराळा. आंब्याच्या लाकडाला बुरशी आणि किडा लवकर लागतो. ते पावसात पडून राहता कामा नये. चिंचेचा नार काळसर जांभळा आणि इतका कठीण की हत्याराची परीक्षा पाहतो. माडाची तऱ्हा तर उलटीच. इतर झाडांचा गाभा पक्का असतो. माडाचा बाहेरचा भाग पक्का आणि पोट भुसभुशीत. पण त्या बाहेरच्या भागातले काळे ठिपके कातल्यावर असे उठून दिसतात, की फेकून दिलेला माड हाच का, असा प्रश्न पडावा.

आणि फणस? फणसाचा नार ताजा असताना हळदीसारखा पिवळाधमक असतो. ब्रह्मदेश-सयाममधल्या बौद्ध भिक्षूंची वस्त्रे याच लाकडाच्या रंगात रंगवीत. तंजावरची वीणा फणसाच्याच लाकडाची, आणि मृदंगाचे खोडही बहुधा त्याचेच. त्याच्या नाराला वाळवी सहसा शिवत नाही. हे सगळे गुण असलेले झाड आपण जळणाच्या भावाने विकतो.

एका फणसाची वाटणी

आमच्या आजोळी, दापोली तालुक्यात, निसर्ग वादळात असाच एक फणस पडला. आईच्या आजोबांनी लावलेला. घराच्या आणि वाडीच्या वाटण्या होऊन वीस वर्षे झाली होती. पण फणस नेमका हद्दीवर होता, म्हणून तो तेवढा सामाईक राहिला होता. थोरले मामा गावी, धाकटे नागपूरला, मावशी पुण्याला. त्या वाटण्यांच्या वेळेपासून दोन्ही मामांचे बोलणे बंद. पडलेल्या फणसाचे पैसे कसे वाटायचे, हा निरोपसुद्धा मावशीमार्फत जात-येत होता.

तालुक्याच्या गावी पाळण्याचे खांब कातणारे एक वयस्क कातारी होते. ते छपराचे वासे पाहायला म्हणून आले आणि फणसापाशी थांबले. “भाऊ, जळणाला लाकूड उदंड पडलंय,” ते थोरल्या मामांना म्हणाले, “यातले चार ओंडके माझ्यावर सोडा. पैसे वाटता येतात तसं लाकूडही वाटता येतं.”

मामांनी होकार दिला, तो बहुधा कौतुकापेक्षा कंटाळ्याने. ओंडके चिरले, टोकांना मेण लागले. श्रावणात लेथ सुरू झाला.

दोनदा कातलेली काथवट

मोठे भांडे एकाच बैठकीत पुरे करीत नाहीत. ओल्या लाकडाची काथवट आधी जाडजूड कातायची; दहा इंच व्यासाला सुमारे एक इंच जाडीची भिंत राखायची. ओले लाकूड मऊ असते, हत्यार लोण्यातून जावे तसे जाते आणि लांबच लांब ढलप्या निघतात. मग ती कच्ची काथवट त्याच ढलप्यांत पुरून, कागदात गुंडाळून बाजूला ठेवायची. महिन्यामहिन्याला वजन करायचे. वजन उतरायचे थांबले की लाकूड मुरले. तोवर गोल भांडे लंबगोल झालेले असते. ते पुन्हा खरादावर चढवून दुसऱ्यांदा गोल करायचे आणि आता हव्या त्या जाडीवर आणायचे. जाडी राखून ठेवलेली असते, ती या दिवसासाठी.

हे काम दिसते तितके निरुपद्रवी नाही. दहा इंचांची काथवट मिनिटाला हजार फेरे घेते, तेव्हा तिची कड ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने धावत असते. लपलेली चीर असेल तर तुकडा सुटून तोंडावर यायला वेळ लागत नाही. म्हणून जाणता कातारी आधी लाकडावर बोटाने ठोकून आवाज ऐकतो, वेग हळूहळू वाढवतो, सुरू करताना लाकडाच्या रेषेतून बाजूला उभा राहतो आणि धुळीसाठी नाकाला फडके बांधतो.

शेवटचा संस्कार तेलाचा किंवा लाखेचा. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि लाकडावर बसते. खोबरेल तसे कधीच सुकत नाही. खेळण्यांवर लाख चढवायची तर लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडाला चिकटते. मग केवड्याच्या पातीने घासून तिला चकाकी आणतात. ज्यांनी सावंतवाडीची चितारआळी किंवा कर्नाटकातले चन्नपट्टण पाहिले आहे, त्यांना हा चमत्कार ठाऊक असेल. ही लाखही झाडाचीच देणगी. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर राहणारा एक बारीक किडा ती तयार करतो.

आमच्या फणसाच्या कच्च्या काथवटी तौक्तेच्या वाऱ्यातही माळ्यावर सुखरूप राहिल्या आणि २०२१च्या दिवाळीपर्यंत वाटणी पुरी झाली. थोरल्या मामांकडे देव्हाऱ्याचे चार खांब आले, मावशीकडे पोळपाट-लाटणे आणि धाकट्या मामांकडे काथवट. नातवंडांना भोवरे मिळाले, ते कोणीही मोजले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात नागपूरहून थोरल्या मामांना फोन आला. मावशीमार्फत नव्हे, सरळ. “अण्णा, काथवट डुगडुगते आहे.” कोकणच्या दमट हवेत कोरडे ठरलेले लाकूड विदर्भातल्या उन्हाळ्यात आणखी आकसते, तळ किंचित वाकला होता. मामांनी कातारींना विचारले. पावसाळा उलटू द्या, मग पॉलिश पेपर पाटावर पसरून त्यावर तळ घासा, असे उत्तर आले. ते सांगायला मामांनी उलट फोन केला. भांडण मिटले असे मी म्हणणार नाही. पण काथवटीच्या निमित्ताने महिन्यातून एक फोन होऊ लागला, आणि हळूहळू त्यात काथवटीखेरीज इतर विषयही येऊ लागले.

हात टिकले पाहिजेत

लाकूड राखले, पण कातणारा राखला नाही, तर उपयोग काय? पाळणे लोखंडी झाले, लाटणी कारखान्यातून येऊ लागली, खेळणी प्लास्टिकची झाली. कातारींच्या मुलांनी दुसरे धंदे धरले, यात त्यांचा दोष नाही. परंतु परसातल्या झाडाचे वाकडेतिकडे लाकूड कारखान्याला चालत नाही. त्याला दर तुकड्यापुढे नवा विचार करणारा हातच लागतो. म्हणजे जे काम यंत्र हिरावून घेऊ शकत नाही, नेमके तेच आपण चुलीत घालतो आहोत.

तेव्हा वाचकहो, आपल्या अंगणातले झाड कधी पडले, किंवा नाइलाजाने काढावे लागले, तर एवढे ध्यानात ठेवा. झाड काढण्यापूर्वी कायदा पाहा. १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमात आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही घरगुती झाडेही संरक्षित आहेत, आणि शहरांसाठी १९७५चा निराळा कायदा आहे. पडलेल्या झाडाचे लाकूड गावाबाहेर न्यायचे असेल तरी वनखात्याच्या कचेरीत आधी विचारा. टोकांना मेण लावा. आणि जळणवाल्याला बोलावण्याआधी आसपास लेथ कोणाकडे आहे, याची चौकशी करा.

फणसाचा पिवळा रंग फार दिवस टिकत नाही. उजेड आणि हातांचा स्पर्श लागून तो आधी सोनेरी आणि मग जुन्या तांब्यासारखा तपकिरी होतो. म्हणजे ते भांडे वापरावे तसे खुलत जाते. परसातल्या झाडाने जन्मभर आपल्याला सावली दिली, फळ दिले, झोपाळा दिला. एवढे केलेल्या झाडाला चुलीखेरीज दुसरी वाट दाखवण्यासाठी थोडे मेण आणि वर्षभराचा धीर लागतो. तेवढा खर्च आपल्यापैकी कोणालाही जड नाही.