कलावंत, कलाकृति, रसिक आणि जग : पांडवलेण्यांच्या निमित्तानें

शाळेच्या सहलींतून पांडवलेण्याचा डोंगर चढला नाहीं असा विद्यार्थी नाशकांत विरळाच. वर गेल्यावर कोणी लेणीं मोजूं लागतो, कोणी खालचा मुंबई-आग्रा रस्ता न्याहाळतो, कोणी आधीं फराळाचा डबा उघडतो. घरीं आल्यावर वडीलमाणसांनीं विचारलें, "काय रे, लेणीं कशीं वाटलीं ?" तर उत्तर ठरलेलें असतें : "छान आहेत." हें उत्तर खोटें नव्हे, पण तें कोणत्याहि चित्राविषयीं, नाटकाविषयीं किंवा मिठाईविषयींहि देतां येतें.

कलेचा अभ्यास करणारे लोक कलाकृतीकडे पाहतांना चार गोष्टींचा विचार करतात. ती निर्माण करणारा कलावंत, ती कलाकृति स्वतः, तिचा आस्वाद घेणारा रसिक, आणि ज्यांत हे सारे वावरतात तें जग. हीं चार नांवें पाठ करण्यांत कांहींच लाभ नाहीं. त्यांचे एकमेकांशीं लागेबांधे कसे असतात हें पाहावयाचें असतें, आणि त्यासाठीं शहराच्या दक्षिणेस सुमारें ८ किलोमीटरवर असलेल्या या डोंगराइतकें सोयीचें स्थळ आपणांस शोधूनहि सांपडणार नाहीं.

येथील शिलालेखांत नांवें पुष्कळ आहेत, परंतु तीं बहुतेक दात्यांचीं. दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात आपल्या दानाची हकीकत सांगतो. त्याची पत्नी दक्षमित्रा हिनें दिलेल्या खोलीचाहि उल्लेख तेथें आहे. तिसऱ्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री बोलते. अठरावें लेणें म्हणजे चैत्यगृह. त्याच्या दर्शनी भागावर धंबिक नांवाच्या गांवाचें दान नोंदलेलें आहे. छिन्नी चालविणारा मात्र बहुधा निनांवीच राहिला. मग तो आपणांस भेटतच नाहीं काय ? भेटतो, पण त्याच्या कामांतून. खडकांत लेणें कोरतांना काम वरून खालीं आणि समोरून आंत जातें. छत आधीं, जमीन शेवटीं. भिंत रचणाऱ्या गवंड्यास चुकलेला दगड काढून दुसरा बसवितां येतो. लेणें कोरणाऱ्याच्या हातून एकदां निघालेली कपरी पुन्हां चिकटवितां येत नाहीं. तेव्हां मंडप, खांब, भिक्षूंच्या खोल्या हें सारें पहिला घाव घालण्यापूर्वींच त्याच्या मनश्चक्षूंपुढें उभें असलें पाहिजे. त्याच चैत्यगृहाच्या कमानीकडे नीट पाहिलें तर दगडांत कोरलेले लाकडी वासे व तुळया दिसतील. दगडास वाशांची गरज नाहीं. पण त्या कारागिराच्या जगांत सुंदर इमारत म्हणजे लांकडाची इमारत, आणि डोळ्यांस सरावलेलें तें रूप त्यानें पाषाणांत उतरविलें.

आतां जगाचें पाहूं. उषवदातानें लेणें दिलें तेवढ्यावर तो थांबला नाहीं. त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापणांची ठेव ठेविली; त्यांपैकीं २००० दरमहा शेंकडा १ या व्याजानें, आणि १००० दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत पावसाळा काढणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठीं प्रत्येकीं १२ कार्षापण मिळावयाचे. गणितांत रुचि असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा. २००० चें वर्षाचें व्याज २४० होतें आणि २० भिक्षूंना १२ प्रमाणें तेवढेच लागतात. तात्पर्य, ज्या मंडपांत आपण आज नुसतें कोरीव काम पाहतों, त्यामागें विणकरांचे माग, पेढीचा व्यवहार आणि घाटमार्गानें बंदराकडे चालणारा व्यापार उभा होता.

या जगांत युद्धहि होतें. गौतमीपुत्रानें नहपानाच्या क्षहरात घराण्याचा उच्छेद केला, आणि त्याच्या मृत्यूनंतर, नातू पुळुमावि याच्या राज्याच्या १९ व्या वर्षीं, बलश्रीनें तिसरें लेणें भिक्षुसंघास अर्पण केलें. मौज अशी कीं त्या लेण्याच्या खांबांची ठेवण पराभूत पक्षाच्या दहाव्या लेण्यावरून घेतलेली आहे. मात्र येथें खांबांखालीं भव्य पुरुषाकृति जणूं सारें लेणेंच खांद्यावर घेऊन उभ्या आहेत. आपल्याच जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं १३,००० हून अधिक रुपेरी नाणीं सांपडलीं, आणि त्यांपैकीं बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हां ठोकलेला आहे. नाण्याच्या बाबतींत जें घडलें तेंच लेण्याच्या बाबतींतहि घडलें असें मला वाटतें. शत्रूची वस्तु मोडून न टाकतां तिच्यावर आपली मुद्रा उमटवावयाची. दहावें लेणें पाहिल्याशिवाय तिसऱ्याचा हा डौल कळत नाहीं.

रसिकाचा प्रकार मात्र सर्वांत गमतीचा आहे. हीं लेणीं बौद्ध भिक्षूंच्या निवासाकरितां आणि उपासनेकरितां कोरलीं गेलीं. पहिल्या पिढ्यांनीं स्तूपापुढें मस्तक नमविलें. पुढच्या शतकांत आलेल्या भाविकांनीं त्याच भिंतींवर बुद्धमूर्ति कोरविल्या. अकराव्या लेण्यांत जैन मूर्ति आहेत. म्हणजे पाहावयास आलेला मनुष्य स्वतःच पुढचा कलावंत झाला. आणखी कांहीं शतकांनीं, ब्राह्मी अक्षरें कोणासच वाचतां येईनाशीं झालीं, तेव्हां गांवकऱ्यांनीं एवढें अचाट काम पांडवांवांचून कोण करणार असें ठरवून टाकिलें. कित्येक विद्वान् या नांवास अज्ञान म्हणून हंसतात. मला तें पटत नाहीं. इतिहास म्हणून तें नांव चूकच; पण ज्या वस्तूचा अर्थ हरवला होता तिला लोकांनीं आपल्या ओळखीच्या कथेंत जागा दिली व तिचा आदर राखला. भिंतीवर खिळ्यानें स्वतःचें नांव कोरणाऱ्या आजच्या कांहीं प्रेक्षकांविषयीं तेवढेंहि म्हणतां येत नाहीं. उषवदाताचें नांव तेथें आहे खरें. पण त्यानें आधीं ३००० कार्षापण मोजले होते!

रसिकाचा कलावंत होणें हें जुन्या काळींच घडतें असें नव्हे. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१० सालीं मुंबईंत येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला, आणि तो डोळ्यांपुढून सरकत असतांना राम-कृष्णांचें चरित्र पडद्यावर आणण्याची कल्पना त्यांच्या मनांत उभी राहिली. परक्या कलाकृतीनें त्यांस स्वतःच्या जगाकडे पाहावयास लाविलें. ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईंत लोकांपुढें आला. त्यांतील तारामतीचें काम साळुंके नांवाच्या पुरुषानें केलें, कारण त्या काळच्या समाजांत चित्रपटांत काम करण्यास स्त्री मिळेना. जगाचा हात कलाकृतीला असाहि लागतो. त्याच वर्षीं फाळके नाशकास आले आणि येथें काढलेल्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं भूमिका केल्या. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं फाळके नाशकांतच निवर्तले. त्यांचे पुष्कळसे मूकपट आज उपलब्ध नाहींत; फिल्म पाषाणासारखी टिकत नाहीं.

त्यांचें स्मारक याच डोंगराच्या पायथ्याशीं आहे. पुढच्या खेपेस मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांनीं उतरतांना तेथें थोडें थांबावें. आणि वर असतांना दहावें लेणें आधीं दाखवावें, तिसरें मागाहून.